चूलबंद आवतण

"पायपातून निघाला का पत्र्यातून, एवढंच सांगा मला. बाकी डोकं चालवू नका," अमरनाथ साहेब म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हाताची झापड धरली.

मुंजाजी म्हसोबाच्या टेकाडावर उभा होता. खाली खडकवाडी पसरलेली. सांजेच्या भाकरीची वेळ. ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून उभा जन्म गेला, पण देव प्रगटायची वाट बघावी तसा धुराकडे टक लावून बघायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

"सायेब, सत्यभामाबाईच्या घरचा पायपातून बी निघतोय अन् पत्र्यातून बी."

साहेब घुटमळले. पंचायत समितीतून आलेले, वयाने मुंजाजीच्या पोराएवढे. "मग... अर्धा धरा."

"अर्धा धूर?"

"अर्धं घर हो!"

मुंजाजीने मान हलवली. कीर्तनात टाळकरी म्हणून उभं राहून राहून त्याला ती सवयच लागली होती. निरूपण कळो न कळो, मान हलवायची, म्हणजे बुवांना हुरूप येतो.

भानगड अशी होती. सरकारने गावोगाव निर्धूर चुली बसवायचं काढलं होतं. दोन तोंडांची मातीची चूल आणि धूर छताबाहेर नेणारा सिमेंटचा पाईप. बायकांचे डोळे वाचतील, सरपण कमी लागेल, टेकाडावरची बाभळ टिकेल, इथवर सगळ्यांना पटलं होतं. पण त्या साली साहेब लोक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि सांगू लागले, की अख्खी पृथ्वीच तापायला लागलीय, पाऊस त्यामुळेच रुसतोय, आता प्रत्येक गावाने आपला धूर मोजायचा आणि कमी करायचा आराखडा करायचा. सगळ्या चुली पालटल्या, की गाव 'निर्धूर' म्हणून जाहीर होणार, सडकेला पाटी लागणार. नव्या सरपंच शिवम्मा आक्कांनी आराखड्यावर सही केली आणि मोजायला मुंजाजीला टेकाडावर चढवलं.

"सायेब, एक इचारू?"

"विचारा."

"पायपातला धूर चांगला अन् पत्र्यातला वाईट. पण वर आभाळात तर दोन्ही जात्यात. मग आभाळाला कसं कळतं, कोणता कुठला?"

अमरनाथ साहेब वर बघू लागले. मग म्हणाले, "ते वरचे लोक बघतात."

हे वरचे लोक म्हणजे जिल्ह्याचे की आभाळातले, मुंजाजीला उमगलं नाही. त्याने पुन्हा मान हलवली.

खरं तर मुंजाजीला पाटीचं कौतुक नव्हतं आणि आभाळाचीही फारशी फिकीर नव्हती. टेकाडावर आला की तो आधी एकच पाईप शोधायचा. वेशीजवळच्या पिंपळाच्या उजव्या अंगाला, त्याच्या स्वतःच्या घराचा. त्यातून बारीक धूर निघताना दिसला, की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

त्याची बायको सारजाबाई दोन उन्हाळ्यांपासून खोकत होती. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मुंजाजीलाच समोर बसवलं होतं. "बाबा, ह्यांची छाती धुरानं भरलीय. गेली तेवढी गेली, ती काही परत येत नाही. राहिलीय तेवढी जपा. धुरात बसवाल, तर मग माझ्याकडं आणू नका."

म्हणून गावातली पहिली निर्धूर चूल मुंजाजीच्या घरी बसली होती. सारजाबाई ती रोज पोतेऱ्याने सारवायची, तिच्यापुढे रांगोळीचं बोट ओढायची. बघायला येणाऱ्या बायाबापड्यांना मुंजाजी हौसेने सांगायचा, "आमच्या घरात धुराचं नाव न्हाई."

आणि तरी खोकला हटत नव्हता. गोळ्या चालू, धूर बंद, मग हे येतंय कुठून? मुंजाजीला काही सुधरत नसे. सारजाबाई पदर तोंडाशी धरून म्हणायची, "जुनं दुखणं हाय. जायला बी टायम लागल की."

त्यात चैत्रातला सप्ता आला. दरसालप्रमाणे रामकिसन महाराज वडवणीच्या एस.टी.ने उतरले. महाराजांचा आवाज असा, की पखवाजावर थाप पडायच्या आधीच अंगावर काटा यायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी यज्ञाचं निरूपण धरलं. होमाचा धूर वर जातो, देव तृप्त होतात, आभाळ भरून येतं आणि पाऊस पडतो. मांडव डोलत होता. टाळ वाजवता वाजवता मुंजाजीचा हात मात्र अडला. साहेब म्हणतात धुरानं पाऊस जातो, महाराज म्हणतात धुरानं पाऊस येतो. आता माणसाने चूल पेटवावी का विझवावी?

कीर्तन झाल्यावर पाया पडताना त्याने विचारलंच. महाराज उपरण्याने घाम पुसत ऐकत राहिले आणि हसले. "आरं मुंजाजी, शंका लई चांगली काढलीस. उत्तर पुढच्या साली देतो."

"म्हंजी तुमाला बी..."

"मला बी कळंना, बाबा. टाळ सोडू नको म्हंजी झालं."

काल्याचा दिवस उजाडला. त्या साली शेवटची पंगत शिवम्मा आक्कांकडे होती. नवस होता त्यांचा. त्यांनी अख्ख्या गावाला चूलबंद आवतण दिलं होतं. म्हणजे लेकराबाळांसकट, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी मांडवातच जेवायचं, कुणाच्याही घरची चूल पेटवायची नाही. आणि जिल्ह्याचे मोठे साहेब धूर बघायला यायचे होते ते नेमके त्याच दिवशी.

"आक्का, आज कशाची मोजणी? गावात चूलच पेटायची न्हाई," मुंजाजी सकाळीच त्यांच्या दुकानाशी जाऊन म्हणाला.

आक्का गुळाच्या ढेपा मोजून देत होत्या. "म्या सांगतलं की त्यास्नी. ते म्हन्ले तारीख ठरली, ती बदलत न्हाई. अन् माझा काला कसा बदलू? देवाला काय म्हनू, सायेब येनार हायेत, तू उद्या ये?"

चुलीच पेटायच्या नाहीत तर साहेब मोजणार काय, असं धरून मुंजाजी घरी आला. "आज मोजणी-बिजणी व्हायची न्हाई," त्याने बायकोला सांगून टाकलं. "तू तेवढी म्हाराजांची भाकर टाक."

ही भाकर त्या घराचा मान होता. महाराजांना साखरेचं दुखणं, काल्याची बुंदी चालत नसे. गेली कैक वर्षं काल्यानंतर ते सारजाबाईच्या हातची ज्वारीची भाकर आणि पिठलं खात. चूलबंद आवतणातून तेवढी एक चूल सुटलेली होती.

पण अकराच्या सुमाराला जीप आलीच. मुंजाजी गळ्यात टाळ तसाच ठेवून दोन्ही साहेबांच्या पुढे टेकाडावर चढला. खाली मांडवात महाराजांनी काल्याच्या अभंगाला हात घातला होता, आणि मुंजाजीचे पाय मांडवाकडे ओढ घेत होते. टेकाडाच्या पायथ्याशीच भट्ट्या पेटल्या होत्या. ओल्या बाभळीची लाकडं, त्यावर डाळीच्या कढया. अर्जुनराव आचारी घसा फोडून ओरडत होता, "जाळ वाढव बे, भात कच्चा राह्यला तर आक्का मलाच शिजवतील!" त्या भट्ट्यांचा धूर लोळच्या लोळ वर येत होता. मोठे साहेब डोळे चोळत होते, खोकत होते.

"हा कशाचा धूर?"

"म्हाप्रसादाचा, सायेब."

अमरनाथ साहेब घाईने पुढे झाले. "तो घरगुती नाही, सर. आपल्याला घरगुतीच धरायचाय."

"बरं. तो सोडा." मोठ्या साहेबांनी रुमालाने डोळे टिपले आणि गावावरून नजर फिरवली. पहिल्या नजरेत एकाही घरावर धुराची रेघ नव्हती. उन्हात पत्रे तेवढे चमकत होते. "अरे वा! शंभर टक्के!"

मुंजाजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पिंपळाच्या उजव्या अंगाला बघत होता. आज एकच धूर निघायचा होता, त्याच्या घरचा, पायपातून निघणारा, आणि तो साहेबांना बोटाने दाखवायचा असं त्याने टेकाड चढतानाच ठरवलं होतं.

पाईप कोरडा होता.

आणि घराच्या मागच्या अंगाला, जिथे गोठ्याचं मोडकं सपार होतं, त्या सपाराच्या पत्र्याखालून दाट, पांढरट धूर बाहेर पडत होता.

मुंजाजीने डोळे चोळले. भट्टीचा धूर डोळ्यांत गेला असेल. पुन्हा बघितलं. तोच.

"ते एक घर कुणाचं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ते... गोठ्यात शेकोटी असेल, सर," अमरनाथ साहेब म्हणाले.

चैत्राच्या उन्हात शेकोटी! मुंजाजीच्या तोंडून निघून गेलं, "शेकोटी न्हाई, सायेब. माझं घर हाय ते. जुनी चूल हाय."

अमरनाथ साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने ऐन पंगतीत पत्रावळ उलटी केली.

"अन् बाकीच्या चुली बी आज बंदच हायेत. आवतण हाय गावाला."

"म्हणजे धूर नाही ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग झालं तर. एका घरानं काही बिघडत नाही. पूर्ण धरा," असं म्हणून ते उतरायला लागले.

खाली दहीहंडी फुटली, पखवाज घुमला, गाव 'विठ्ठल विठ्ठल' करत नाचायला लागलं. मुंजाजी टेकाड उतरला तो मांडवाकडे न वळता थेट घराकडे. टाळ छातीवर आपटून आपले आपणच वाजत होते.

सपारात तीन दगडांवर तवा होता. सारजाबाई धुरात अर्धी बुडालेली. तव्यावरून काढलेली भाकर तिने जाळाच्या तोंडाशी उभी केली होती आणि ती भाकर टम्म फुगली होती. त्याला बघून तिने पटकन पदराने डोळे पुसले.

"तुमी? काला झाला?"

"हे काय चाललंय, सारजे?"

तिला खोकल्याची उबळ आली, तिने भिंत धरली. उबळ सरल्यावर म्हणाली, "नव्या चुलीत जाळ आत ऱ्हातो. भाकर शेकाया जागाच न्हाई. फुगत न्हाई ती."

"मग न फुगू दे! कावून इथं बसलीस मरायला?"

"तुमीच ताट बाजूला सारलं व्हतं की. चूल आली त्याच हप्त्यात. म्हन्लात, ह्ये काय चामडं केलंय?"

मुंजाजीला ते आठवेना. खरंच आठवेना. म्हणाला असेल. भूक लागलेल्या माणसाने म्हणावं तसं, हात धुता धुता.

"पर रोज सांजच्याला म्या बघतो वरून. पायपातून धूर..."

सारजाबाईने मान खाली घातली. "भाकरी आधीच उरकून घेते हितं. मग तुमी टेकाडावर चढले, की तिकडं दोनचार गवऱ्या पेटवते. लोक म्हन्तील, शिपायाच्याच घरी धूर निघंना पायपातून. तुमचं नाव कावून जावं? आज तुमीच म्हन्ले मोजणी न्हाई."

म्हणजे रोज दोन धूर. एक त्याच्या जिभेसाठी आणि एक त्याच्या नावासाठी. आणि तो वर उभा राहून त्यातला एक बघत होता आणि जीव भांड्यात पडला म्हणून मान हलवत होता.

मुंजाजीने तवा उतरवला, घागर उचलली आणि तीन दगडांवर पाणी ओतलं. चर्रर्र झालं, वाफेचा लोट उठला. मग भाकर फडक्यात बांधून, पिठल्याचं वाडगं घेऊन तो मांडवाकडे गेला.

महाराजांनी भाकर मोडली. आतली वाफ वर आली तसे ते खुलले. "सारजाबाईच्या भाकरीला तोड न्हाई बघ, मुंजाजी."

"म्हाराज, पुढल्या साली फुगलेली भाकर मिळायची न्हाई."

महाराजांचा घास हातातच राहिला. "कावून रे?"

"म्या करनार हाय."

पंगतीत हशा पिकला. शिवम्मा आक्का वाढता वाढता थांबून म्हणाल्या, "बगा बाई, शिपायाला भाकऱ्या बडवायच्यात!" महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी मुंजाजीकडे बघितलं, हातातल्या भाकरीकडे बघितलं आणि ती सगळी संपवली. चतकोरही पानात टाकला नाही.

मिरगाच्या आधी सडकेला पाटी लागली. तिच्यावर गावाचं नाव होतं आणि खाली निर्धूर असं लिहिलं होतं. पाटीखाली एस.टी.ची वाट बघणारे बिड्या ओढत उभे राहायचे. गावात मात्र पायपातूनही धूर निघत होता आणि पत्र्यातूनही. टेकाडावर आता कुणी चढत नव्हतं.

एका सांजेला सारजाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. खोकला कमी झाला होता का, हे दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं. कधी वाटे हो, कधी वाटे न्हाई. आत मुंजाजी नव्या चुलीपुढे उकिडवा बसून पीठ मळत होता.

"पानी कमी घाला," ती बाहेरून म्हणाली.

"घातलंय कमीच."

"अन् थापताना कडंनं, मधात न्हाई."

थोड्या वेळाने तो पिठाने भरलेले हात घेऊन अंगणात आला आणि मान वर करून पायपाकडे बघायला लागला.

"निघतोय का?" तिने विचारलं.

"निघतोय."

धूर सरळ वर गेला, शेजारच्या पत्र्यातून आलेल्या धुरात मिसळला, आणि मग कोणता कुठला ते काही कळेना. मुंजाजी बघत राहिला. आत भाकर करपल्याचा वास सुटला तसा तो धावला.

ताटात आली ती भाकर एका कडेला जाड, एका कडेला काळी, आणि सपाट. सारजाबाईने काळी कड मोडून घेतली. मुंजाजी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने सावकाश चावलं, पुष्कळ वेळ चावलं. मग दुसरा घास मोडला आणि ताट थोडं आपल्याकडे ओढून घेतलं.