घासून लख्ख

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या घरीही माझी एखादी बहीण असेलच. पुण्याच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि श्यामकांतांच्या बदलीबरोबर मी कलकत्त्याला, डमडमच्या बिऱ्हाडात आले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती.

श्यामकांतांना पानाचं भारी वेड. कचेरीतून येताना एस्प्लनेडवरून विडे बांधून आणायचे. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई स्वच्छतेच्या पक्क्या. पाहुणा येणार म्हटलं की चिंच आणि राख घेऊन आधी मला घासायच्या. येणारा-जाणारा म्हणे, काय लख्ख ठेवलीय! मीही मनातून फुगत असे.

मग श्यामकांतांना खोकला जडला. सकाळी, पान तोंडात जायच्या आधीच, खोकल्याबरोबर लाल पडू लागलं. पानाचा रंग मला ठाऊक आहे हो, जन्म गेला त्यात. तो गढूळ, तपकिरी. हे लालभडक होतं आणि वर फेस. ते म्हणत, कालच्या पानाचं आहे. कालिंदीबाईंना मात्र चैन पडेना. नवऱ्याचं न ऐकता त्यांनी डॉक्टर दिगंबरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टर कलकत्त्यातच वाढलेले, पण आपल्यातलेच. लाल खोकल्यातून येतं की उलटीतून, हिरड्यांतून तर नाही ना, काळपट की फेसाळ, सगळं त्यांनी विचारलं. श्यामकांत रंगल्या ओठांनी हसत पानाकडे बोट दाखवत राहिले. शेवटी डॉक्टरांनी थुंकी बघायला मागितली. कालिंदीबाईंनी मला पुढे केलं.

अहो, डॉक्टर येणार म्हणून त्यांनी मला सकाळीच घासलं होतं! डॉक्टरांना माझ्यात स्वतःचाच चेहरा दिसला.

"वहिनी, मला जे बघायचं होतं, तेच तुम्ही धुऊन टाकलंत," ते म्हणाले.

उद्याची थुंकी पान न खाता ठेवा, छातीचा फोटो काढून घ्या, असं त्यांनी बजावलं. श्यामकांतांनी ते हसण्यावारी नेलं. बायकोच्या जिवाला घोर नको म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळचं ते गुपचूप मोरीत थुंकू लागले. कालिंदीबाई मला रोज सकाळी कोरडी बघायच्या आणि देवापुढे हात जोडायच्या. मला वाचा असती तर!

थंडीत एका दुपारी श्यामकांतांना रक्ताची गुळणीच आली. डॉक्टर धावत आले. छातीच्या दुखऱ्या बाजूवर त्यांना निजवलं, रक्त गिळू नका, बोलू नका म्हणाले. या वेळी मी भरलेली होते. डॉक्टरांनी एकदाच आत पाहिलं. तपासणीत क्षय निघाला. इंजेक्शनं सुरू झाली, पण फुप्फुस पार पोखरलं होतं. होळीपर्यंत काही ते राहिले नाहीत.

मला उकळून माळ्यावर टाकलं. परवा त्यांची लेक लीना मला खाली काढून चिंच घेऊन बसली. कालिंदीबाईंनी तिच्या हातातली चिंच काढून घेतली.

"राहू दे गं तशीच," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, पाहुण्यांसाठी घर खुशाल लख्ख करा. पण डॉक्टर म्हणजे पाहुणा नव्हे. आजाऱ्याचं भांडं डॉक्टरांसमोर आहे तसं ठेवा. मी आता काळीठिक्कर पडलेय, आणि तशीच बरी आहे.