चौथा रकाना

टेलिफोन खात्यात मी छत्तीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत एकही गोष्ट तोंडी केली नाही. अर्ज, प्रत, पोच. लोक हसायचे, म्हणायचे, श्रीपत शिंकतानासुद्धा पूर्वपरवानगी घेतो. मला राग येत नसे, उलट अभिमानच वाटे. त्या अभिमानापायी मी माझ्या सुनेचं काय केलं, ते सांगतो.

पायल अकोल्याची. माझ्या सुगतशी लग्न करून लखनौला आली आणि गोमती नगरातल्या एका खासगी लॅबमध्ये नोकरीला लागली. नेत्रा झाली तेव्हा तिला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पोर आठव्या महिन्यातच झालेलं, जेमतेम दोन किलोचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि होता होईल तो अंगावरच पाजा.

घरात तेव्हा ओढाताण होती. सुगतचं काम सुटलं होतं आणि माझी पेन्शन सरोजिनी नगरच्या या फ्लॅटच्या हप्त्यात जात होती. अशात ओळखीच्या हेमा मॅडम, ज्या इथल्या एका संशोधन संस्थेत आहेत, त्यांनी पायलला घरबसल्या काम दिलं. विदर्भातल्या बाळंतिणींच्या मुलाखती रेकॉर्ड केलेल्या होत्या, त्या ऐकून हिंदीत उतरवायच्या. वऱ्हाडी बोली लखनौत दुसऱ्या कोणाला कळणार? दहा-बारा दिवसांचं काम. पायल मांडीवर नेत्राला पाजत बसायची, कानात हेडफोन, आणि एका हाताने टाइप करायची. मधेच हसायची आणि मला सांगायची, बाबा, ही बाई म्हणते सव्वा महिन्यात कामावर गेली, पोर झाडाखाली झोळीत.

मी म्हटलं, नोकरीत असताना बाहेरचं काम करायचं तर ऑफिसला कळवावं लागतं.

"बाबा, ये सरकारी दफ़्तर थोड़ी है," लखनौतच वाढलेला सुगत म्हणाला.

मी ऐकतो कुठला. पायलला समोर बसवून मी माझ्या हाताने पत्र लिहिलं. पुन्हा पुन्हा कळवायला नको म्हणून त्यात घातलं, की हे काम ती रजेच्या संपूर्ण काळात करणार आहे. काम तर दहा दिवसांचंच आहे ना, असं तिने विचारलंही. मी म्हटलं, जास्तीचं लिहून ठेवलेलं बरं, मागाहून कोणी बोट दाखवायला नको. माझ्यावर भरवसा ठेवून तिने सही केली. मी पोचसुद्धा घेऊन आलो.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. रजेवर असताना बाईने दुसरीकडे काम केलं, तर तेवढ्या काळाचा पगार कायद्याने जातो. तुम्ही रजेच्या संपूर्ण काळात काम करणार असल्याचं लेखी कळवलं आहे. सबब संपूर्ण पगार थांबवण्यात येत आहे. पगार हवा असेल तर एक तारखेला रुजू व्हा.

मी दुरुस्तीचं पत्र घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथला गजेंद्र नावाचा अधिकारी मोठ्या अदबीने बोलला, पाणी दिलं, पत्र मात्र घेतलं नाही. "अंकल जी," तो म्हणाला, "लिखकर न दिया होता तो किसी को पता भी न चलता. अब तो फ़ाइल में लग गया है."

फायलीला लागलेला कागद म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी स्वतः कित्येकांना असंच परत पाठवलं होतं. हेमा मॅडमच्या सांगण्यावरून कामगार कार्यालयात तक्रार केली, तर तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. दोन किलोचं पोर काही तारखेची वाट बघत थांबत नाही.

पायलने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नेत्रा सात आठवड्यांची झाली आणि एक तारीख उजाडली. सुगत एका मुलाखतीसाठी कानपूरला गेला होता. पायलने पहाटेच दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलं आणि फ्रीजच्या दारावर एक कागद लावला. चार रकाने आखले होते: वेळ, दूध किती, शी-शू आणि रडली का. "बाबा, तुम्हीच भरा," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलेलं खरं असतं." मग झोपलेल्या नेत्राकडे न बघता ती चपला घालून निघाली.

त्या दिवसाचं काय सांगू. साडेनऊला पोर जागं झालं आणि वाटी-चमच्याला तोंड लावेना. माझ्या बनियनवर तोंड घासत राहिली. तिथे काय मिळणार होतं तिला? हुंदके देऊन देऊन दमली की चार चमचे घ्यायची आणि पुन्हा तोंड घासायला लागायची. तिला खांद्यावर घेऊन मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होतो आणि माझ्या अक्षराला शिव्या देत होतो.

संध्याकाळी कागद भरायला बसलो. तीन रकाने खरे भरले. चौथ्यात पाच वेळा लिहिलं, नाही. आयुष्यातली पहिली खोटी नोंद, पण मनाला लागली नाही.

पायल सातला आली. ओढणी छातीशी गच्च धरलेली, कुर्ता दुधाने भिजलेला. हात धुतले आणि आधी कागद वाचला.

"एकदाही रडली नाही?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. नेत्राला उचलून पलंगावर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, मला शोधेल."

मी पेन घेतलं. नोंद बदलायची असेल तर जुनी खोडून काढायची नसते, त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. पाच वेळा रेघ मारली, पाच वेळा खरं लिहिलं, पाच सह्या केल्या. कागद तिच्यापुढे धरला, पण तिचे हात नेत्राला पाजण्यात गुंतले होते.

"वाचून दाखवा, बाबा."

"साडेनऊ ते अकरा," मी वाचलं, "रडली. आईला शोधत होती."

पत्र आलं त्या दिवसापासून पायल रडली नव्हती, ती आता रडायला लागली. मी थांबलो तर मानेनेच म्हणाली, पुढचं. मी पाचही नोंदी वाचून दाखवल्या.