भावानं दिलेलं महाबळेश्वर

बापू गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी माझ्या भावाचा, हरिओमचा फोन आला. "ताई, भोकरदनला यावं लागंल. हक्कसोडची सही करायची हाय." मी "कधी येऊ?" एवढंच विचारलं. आमच्याकडे बाई याच्यापुढे काही विचारत नाही. बाप गेला की लेकीनं रजिस्ट्री ऑफिसात जायचं, जमिनीवरचा आपला हक्क भावासाठी सोडल्याची सही करायची, भावानं तिला साडी घ्यायची, तिच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी, आणि जेवण करून आपापल्या घरी जायचं. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. मला माहेर तुटायला नको होतं.

त्या दिवशी साडीच्या जोडीला हरिओमनं आणखी एक गोष्ट दिली. वकिलाच्या टेबलावर माझी सही होते न होते तोच त्यानं एक निळी फाईल पुढे सरकवली. "बापूंचा तो हॉलिडे क्लब. तुझ्या नावावर करतो, ताई. जमीन मला, महाबळेश्वर तुला." वकील हसला, मीही हसले आणि त्याच पेनानं तिथंही सही केली.

हा क्लब म्हणजे आमच्या घरातला जुना विनोद होता. बापू ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले, त्याच वर्षी त्यांना फोन आला की तुमचा नंबर लागलाय, जोडीनं हॉटेलात जेवायला या. आई-बापू हसनाबादहून औरंगाबादला गेले, फुकटचं जेवले आणि टाय लावलेल्या पोरांनी डोकं खाऊन खाऊन बापूंना पंचवीस वर्षांचं मेंबर करून टाकलं. दरवर्षी सात दिवस थंड हवेच्या ठिकाणी राहायचं. आई म्हणाली, "सात दिवस तिथं करायचं काय? अन् म्हशीला कोण बघंल?" बापूंनी फोन केला की दिवाळीत खोली नसायची, उन्हाळ्यात नसायची. ऐन पेरणीत मात्र हमखास असायची. आई गेली, मग बापू गेले. महाबळेश्वर दोघांनीही पाहिलं नाही.

म्हणून ती फाईल हातात आली तेव्हा माझे डोळे भरून आले. बापूंची राहिलेली हौस भावानं आठवणीनं बहिणीच्या ओटीत घातली, असं वाटलं मला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, शीतलनं मान खाली घातली. ती फाईल आपल्याकडंच राहावी असं हिला वाटत असणार, असा मी अर्थ काढला. काय ती माझी अक्कल!

तीर्थपुरीला, सासरी आले आणि मी गल्लीभर सांगत सुटले. माझे मालक काकासाहेब चेष्टेखोर आहेत. ते म्हणाले, "जमीन त्याला अन् हवा तुला. त्या हवेचा सातबारा निघतो का बघ." मी त्यांच्यावर खेकसले. पण खरा चमत्कार सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी केला. लग्नात माझ्या माहेरच्यांनी मानपान नीट केला नाही, हे आत्याबाईंनी मला आजवर कितीदा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. त्या आत्याबाई आता आल्या-गेल्याला सांगू लागल्या, "सुनंच्या भावानं बघा, थंड हवेची जागा देली बहिणीला. असा भाऊ पाह्यजे." या घरात माझ्या माहेरचं नाव पहिल्यांदाच असं ताठ मानेनं घेतलं जात होतं. मला रोज सणासारखं वाटायचं.

मग क्लबच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. बोलायला अगदी मधाळ. मागच्या काही वर्षांचा मेंटेनन्स थकलाय, यंदाचाही भरायचाय, आणि मुदत संपेपर्यंत दरवर्षी भरावा लागेल, असं ती म्हणाली.

"अगं बाई, आम्ही तर एकदाबी गेलो न्हाई तिथं."

"जा किंवा नका जाऊ मॅडम, चार्ज लागतोच."

"मंग बंद करून टाका."

"मॅडम, आता नाही ना होत. तुमची सही झालीय. तुमच्या भावांनीपण हेच विचारलं होतं, बंद करता येतं का म्हणून. बाकी भरल्याशिवाय नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग दुसऱ्याच्या नावावर करता येतं का."

माझे कान तापले. त्या मुलीसमोरसुद्धा मला लाज वाटली, जी मला कधी दिसणार नव्हती. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. आपल्या भावानं आपल्याला गंडवलं, हे नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि आत्याबाईंना? त्यांनी तर माझं माहेर डोक्यावर घेतलं होतं. तिथून ते खाली आलं असतं तर पुन्हा कधी वर चढलं नसतं.

पण असल्या गोष्टी झाकून राहतात होय? फॉर्मवर काकासाहेबांचाही नंबर होता. ते मोसंबीच्या बागेतून आले ते तापूनच. "त्या क्लबवाल्याचा फोन आल्ता. पैसे मागून राह्यले ते. हरिओमला म्हाईत होतं का हे? लाव फोन जल्दी."

आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. मी फोन लावला. "स्पीकरवर टाक," काकासाहेब म्हणाले. "बिघडलाय तो," मी म्हणाले आणि फोन कानाला घट्ट दाबला.

"हरिओम, त्या क्लबचे पैसे मागून राह्यले रे."

पलीकडं त्यानं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, आता ते तुझ्या नावावर हाय ना. मी काय करू? माझ्यामागं पोरांची कॉलेजं हायेत. थोडं तू बघ."

काकासाहेब माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आस्सं!" मी मोठ्यानं म्हणाले. "तू भरून टाकले होय? मंग त्यांच्याकडं नोंद झाली नसंल."

"ताई? काय बोलून राह्यली तू?"

"न्हाई रे, दाजी कशाला रागावतील? त्यांनी फक्त विचारलं. हो, हो. सांगते त्यांना."

मग त्याला समजलं. मी फोन बंद केला.

"भरलेत म्हणं त्यानं," मी म्हणाले. काकासाहेबांचा राग तिथंच उतरला. ते चक्क ओशाळले. "उगं संशय घेतला मी," म्हणाले. आत्याबाईंनी पुन्हा लसूण हातात घेतला. "मी म्हणत न्हवते? तिचा भाऊ तसला न्हाई." त्या दोघांचा माझ्यावर विश्वास होता आणि मी धडधडीत खोटं बोलले होते. हरिओमची लाज कुठं संपते आणि माझी कुठं सुरू होते, ते मला सांगता येईना.

रविवारी हरिओम जालन्याहून मोटारसायकलवर आला. एकटाच. आत्याबाईंनी मला पुरण घालायला लावलं. काकासाहेबांनी त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडं वळवला आणि परवा उगाच संशय घेतला म्हणून त्याची माफीही मागितली. "यंदा आपण सगळेच जाऊ महाबळेश्वरला," ते म्हणाले. "तुम्हीबी चला पाव्हणं. तुमच्यामुळंच तर चाललो." हरिओम ताटाकडं बघत राहिला. मला त्याची कीव येत होती आणि संतापही येत होता. मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली, वर तुपाची धार धरली आणि म्हणाले, "घे की. बहिणीच्या घरी लाजतो कामून?"

हात धुवायला तो मागच्या हौदाकडं आला. मी तांब्या घेऊन गेले, तर तो हात तसेच पुढं धरून रडत होता. एवढा बाप्या माणूस, पोरासारखा हुंदके देत होता.

"ताई, चुकलो मी. बाकी मी भरतो. पुढचं बी सगळं मीच भरीन. ते परत माझ्या नावावर करून घेतो. तू फोनवर तसं बोलली, तवापासून झोप न्हाई मला. सख्ख्या बहिणीला फसवलं मी. तुझ्या तोंडाकडं बघायची लाज वाटून राह्यली."

माझा राग विरघळला. लहानपणी पुसायचे तसे त्याचे डोळे पदरानं पुसावे असं वाटलं. मी पदर हातात घेतलाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि जमिनीचं?"

त्यानं वर बघितलं. "जमिनीचं काय?"

त्याच्या विचारण्यात लबाडी अजिबात नव्हती. एखादा कागद राहिला की काय, असं त्याला वाटलं. "फेरफार झाला की. सगळं बराबर झालं. काही राह्यलं का त्यात?"

"काही न्हाई" असं म्हणायला माझी जीभ वळली होती. आयुष्यभर तीच सवय. आतून आत्याबाई त्याच्यासाठी सुपारी कातरत असल्याचा आवाज येत होता.

"माझा अर्धा वाटा, हरिओम," मी म्हणाले. इतकं हळू बोलले की मलाच ते नीट ऐकू आलं नाही.

त्यानं ऐकलं. त्याचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. तांब्या माझ्या हातातून घेऊन त्यानं स्वतःच हात धुतले, रुमालानं पुसले आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्याच्या घरात शिरून काही उचलताना सापडले होते.

"ताई," तो म्हणाला, "असं कुठं कोणी मागतं का?"

आणि मला लाज वाटली.