दोन भोकांची चौथी फळी

मी चौथी फळी बोलतेय. लाकडाची नव्हे, अ‍ॅल्युमिनियमची. दाराच्या रुंदीएवढी लांब, वीतभर रुंद, खालच्या कडेला काळं रबर. महिना उलटला, तरी त्या दुपारचा धक्का माझ्या अंगातून गेलेला नाही. सांगून टाकते, म्हणजे जरा हलकं वाटेल.

आम्ही चौघी बहिणी एकाच दुकानातल्या. दुकानदार शाळेत फार टिकला नव्हता, पण माल विकण्यात पक्का. वीज सबस्टेशनचे साहेब आले, तेव्हा त्याने आम्हाला दुकानाच्या दारातल्या खाचांत एकीवर एक बसवलं, बाहेरून पाइपने पाणी मारायला लावलं आणि स्वतः आत पांढरे मोजे घालून उभा राहिला. "मोजे भिजले तर माल परत घेतो, साहेब."

मोजे कोरडे राहिले. साहेबांनी तरी घासाघीस केलीच. "तीन फळ्या पुरतील ना?"

"पुरतील की. फक्त पाण्याला तसं आधी कळवून ठेवा."

साहेबांनी चार घेतल्या.

सबस्टेशनच्या यंत्रांच्या खोलीत दोघं जण असत. थोरल्या ऑपरेटरला सगळे दादा म्हणत. धाकट्याचं नाव पडलं होतं जावईबापू, कारण सासूबाईंचा फोन तो नेहमी स्पीकरवर घ्यायचा आणि त्या दर वाक्याला जावईबापू म्हणायच्या.

दरवर्षी पुराचा सराव व्हायचा. पहिली, दुसरी, तिसरी फळी दाराच्या खाचेत बसायची, फोटो निघायचा, तो वर पाठवला जायचा. पाणी तोवर कधी गुडघ्याच्या वर आलं नव्हतं, मग मला कोण उचलणार? मी भिंतीला टेकून उभी. एके दिवशी जावईबापू म्हणाला, "दादा, ही नुसतीच जागा अडवते." त्याने ड्रिलने मला बोटं जातील अशी दोन भोकं पाडली, त्यांत हूक बसवले आणि मला भिंतीवर मांडणीसारखं टांगलं. मग माझ्यावर डबे आले, हेल्मेटं आली, दादांचा चष्मा आला. खरं सांगते, मीही फुशारले. अकरा वर्षांत मी कशासाठी आले होते, हे मीच विसरून गेले.

आणि मग नदीचा वरचा बांध फुटला.

त्या दिवशी दुसऱ्या पाळीचे लोक पोचलेच नाहीत, म्हणून जावईबापू कामावरच अडकला होता. तिकडे त्याची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात. सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, तिला ऑपरेशनला आत घेतलंय. इथला जनरेटर तळघरात बुडाला. डॉक्टर म्हणतात, तासभर तरी लाइट जायला नको."

दवाखान्याची वीज आमच्याच खोलीतून जात होती.

पाणी पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर चढलं. दादांनी विचारलं, "चौथी कुठंय?" आणि दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. डबे खाली पडले, चष्मा फुटला. जावईबापूने हूक ओढून काढले, कुठेतरी भिरकावले आणि मला तिसरीच्या डोक्यावर बसवलं.

पाणी माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यातूनच आत शिरलं. दोन धारा, नळ सोडल्यासारख्या. पाणी अडवायला आणलेली मी पाण्याला वाट देत होते.

"हूक कुठं टाकलेस? तेच भोकांत परत बसव!" दादा ओरडले.

"त्यातच कुठेतरी." जावईबापूने खिडकीबाहेरच्या पाण्याकडे हात केला.

चिंधी कोंबली, ती उडाली. जमिनीत केबलींचा चर होता आणि त्याच्या कडेवर पिवळी रेघ. पाणी रेघेला लागलं की मुख्य स्विच पाडायचा, हा नियम. नाही पाडला तर यंत्रं जळणार आणि सगळं गाव कित्येक महिने अंधारात राहणार.

"रेघेला लागलं तर मी स्विच पाडणार. तुझी बायको असली तरी," दादा म्हणाले.

"पाडा. तोवर बादली मारा."

जावईबापूने स्टूल ओढलं आणि दोन्ही हातांचं एकेक बोट माझ्या भोकांत घातलं. धारा थांबल्या. दादा चरातलं पाणी उपसून माझ्यावरून बाहेर फेकत राहिले. भोकांच्या कडा खरबरीत होत्या. त्यानेच घाईत पाडलेल्या. त्याचं रक्त माझ्या अंगावरून ओघळत होतं आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तास उलटून गेला. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली खेळत होतं, तेव्हा फोन वाजला. दादांनी तो त्याच्या कानाला लावला.

"मुलगी झाली, जावईबापू. दोघी सुखरूप. लाइट एकदाही गेली नाही हो. तुमच्याकडे कसं आहे?"

"बरं आहे, आई. हात जरा अडकलेत. नंतर बोलतो."

संध्याकाळी पाणी उतरू लागलं, तेव्हाच त्याने बोटं काढली.

पुढच्याच आठवड्यात तो मला घेऊन त्याच दुकानात गेला. दुकानदाराने भोकांवरून हात फिरवला, मग जावईबापूच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे पाहिलं आणि वेल्डिंग करून भोकं बुजवून दिली. पैसे घेतले नाहीत. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत, हा मला बसलेला दुसरा धक्का.

तिसरा आज सकाळी बसला. नवे साहेब आले, मला भिंतीशी उभी पाहिली आणि म्हणाले, "ही रिकामीच आहे की. हिच्यावर फायली राहतील."

जावईबापूने नुसती दोन बोटं त्यांच्यासमोर धरली. टोकांवर गोल वण आहेत, अगदी माझ्या भोकांच्या मापाचे.

तो कायम इथे नसेल. म्हणून तुम्हाला सांगते: मी रिकामी दिसले तरी मला रिकामीच राहू द्या.