डोळ्यांआडचा कीस

मित्रांनो, माझ्याजवळ यायचं तर बोटं सांभाळून या. मी एक जुनी किसणी आहे. पत्र्याची, वर तारेची मूठ, आणि दात अजून शाबूत. दिसायला मी काही देखणी नाही. पण मला जे सांगायचं आहे ते दुसरं कोणी सांगणार नाही, कारण त्या स्वयंपाकघरात ओट्याच्या अगदी वर, खिळ्याला मीच लटकत होते. सगळं माझ्यासमोर घडलं. ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड नाही. नुसते दात आहेत.

माझा जन्म पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. त्याने मला पालथं पाडलं आणि मागून खिळा ठोकून ठोकून भोकं पाडली. प्रत्येक भोकाची कड पुढून उचलली गेली, तेच माझे दात. त्या ठोकाठोकीत माझा जीव अर्धा झाला होता, पण काम संपल्यावर त्याने माझ्यावर एक मुळा घासला आणि शेजारच्या कुलूपवाल्याला म्हणाला, "बघ, कापूस पडतोय!" मला फार बरं वाटलं. ज्या घरात मी गेले तिथली बाई शिवणकाम करायची. नवा संसार होता. पहिल्या वर्षांत माझं कौतुक काय सांगू! शेजारणी मला मागून न्यायच्या. घरधनी वायरमन होता, चांगला माणूस, पण एकदा त्याने माझ्यावर कपड्यांचा साबण किसला. पुढचे कितीतरी दिवस जेवणाला साबणाची चव लागत होती आणि तो बिचारा मुकाट्याने जेवत होता.

मग त्यांना मुलगी झाली. ती उभी राहायला लागली तशी गोल गोल फिरायलाच लागली, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

भिंगरीची जीभ फार जागी होती. पालक खाल्ला की म्हणायची, "दात चुरचुरतात." कोबी शिजला की नाक धरून म्हणायची, "ओल्या फडक्याचा वास येतोय." मोठी माणसं हसायची आणि म्हणायची, नखरे बघा. पण मित्रांनो, ती खरं सांगत होती! कोबी फार वेळ उकळला की त्याला तसाच वास सुटतो. आणि कडू चव लहान जिभेला मोठ्यांपेक्षा जास्त टोचते. तुम्हाला हे ठाऊकच असेल, कारण जीभ तुमची आहे. फक्त तुम्हाला कोणी विचारत नाही.

भिंगरी पाच वर्षांची असताना तिला ताप आला आणि बरेच दिवस रेंगाळला. ताप उतरला, पण ती फिरायची थांबली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि रक्त कमी आहे म्हणाल्या. औषध दिलं, आणि सांगितलं, भाज्या पोटात जायला हव्यात. आईने एवढंच धरून ठेवलं.

आधी तिने लाडीगोडी लावली. मग गोष्टी सांगितल्या. मग रागावली. भिंगरी ओठ घट्ट मिटून बसायची. शेवटी आईने मला खिळ्यावरून काढलं.

भिंगरी उठायच्या आत, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन, आई किसायला बसायची. गाजर, कोबी, भोपळा, पालकाचे जाड देठ. ती इतकं बारीक किसायची की तिच्या बोटांची सालं निघायची. आणि इथेच माझा जीव तळमळायचा. अहो, ते गाजर माझ्या दातांवर गोड होतं! रस गळत होता! कोणीतरी तो कीस चिमूटभर त्या पोरीच्या हातावर ठेवा, तिला चाखू द्या, आवडला नाही तर थुंकू द्या! पण आई तो कीस पातेल्यात टाकायची, रंग जाईपर्यंत उकळायची, घोटायची आणि गाळायची. गाजराचं गाजरपण पार संपलं की मग तो लगदा अंड्यात जायचा. अंडं भिंगरीला फार आवडायचं.

काही दिवस जमलं. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग एका सकाळी भिंगरीने तव्यावरच्या अंड्याचा घास तोडला आणि त्यातून एक हिरवा धागा ओढून काढला.

"आई, हे काय आहे?"

"कुठे काय? अंडंच आहे ते. खा पटकन."

भिंगरीने अंड्याकडे पाहिलंच नाही. ती आईकडे पाहत राहिली. मग ताट सरकवलं, आणि त्या दिवसापासून तव्यावरचं अंडं बंद.

आईने काय करावं? तिने भातात लपवलं. भिंगरी शीत शीत वेगळं करून बघायला लागली, तिला कोबी सापडला, भात बंद. पावाच्या आत, लोण्याखाली लपवलं. पाव बंद. एक एक दार बंद होत होतं आणि आई पुढच्या दाराशी तीच लबाडी घेऊन जात होती. मला दोष कोणाला द्यायचा ते कळत नव्हतं. तिचं काळीज तिळतिळ तुटत होतं हे मी रोज बघत होते.

शेवटी दूध राहिलं. दूध भिंगरी आनंदाने प्यायची. आईने भोपळा शिजवला, वाटला, गाळणीतून गाळला आणि दुधात घातला. वर साखर.

"दूध पिवळं का आहे?"

"गाय वेगळी आहे."

"आत काही नाही ना?"

"काही नाही गं राणी. तुझी शपथ."

भिंगरीने पेला मोरीपाशी नेला. बोटं पसरली आणि दूध त्यांच्यावरून हळूहळू ओतलं. बोटांमध्ये भोपळ्याचे बारीक तंतू अडकले. तिने हात आईपुढे धरला. रडली नाही, ओरडली नाही. आई मात्र तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

मग भिंगरीने जवळजवळ सगळंच सोडलं. हात काड्यांसारखे झाले. फ्रॉक आईनेच शिवलेला होता, तो आता खांद्यावरून घसरत होता आणि आई तो पुन्हा पुन्हा आत घेत होती. मशीन चालवता चालवता ती मध्येच थांबायची, आणि बाहेरच्या खोलीतून नुसती शांतता ऐकू यायची. मला वाटायचं, आता ही पोर जाते. खरंच वाटायचं. खिळ्यावर लटकून माझे दात शिवशिवायचे, आणि मी कशाच्या उपयोगाची नव्हते.

वायरमनने मोठ्या बहिणीला बोलावलं. भिंगरीच्या या आत्याने उभा जन्म मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक केला होता. तिने आल्या आल्या पदर खोचला.

"वहिनी, तुम्ही फार लाडावलंय हिला. नाक दाबलं की तोंड उघडतं. मी शंभर पोरं वाढवलीत."

"ताई, नको हो. ती घाबरेल."

"घाबरू दे! मरण्यापेक्षा घाबरलेली बरी."

आत्याने नाक दाबलं. वायरमनने हात धरले आणि मान दुसरीकडे वळवली. तोंड उघडलं तसा आत्याने पालकाचा चमचा आत कोंबला. भिंगरीने तो गिळला, आणि दुसऱ्या क्षणी सगळं बाहेर आलं, सकाळी घेतलेल्या औषधासकट. त्यानंतर पालक नुसता पिशवीतून बाहेर काढला तरी तिला उमासे यायला लागले. आत्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. जरा वेळाने मला तिचं हुंदके देणं ऐकू आलं. ती वाईट बाई नव्हती. तिनेही हात टेकले होते.

आत आली तेव्हा ती चिडूनच बोलली. "केळं तेवढं खाते. तेही स्वतः सोलून. संत्रं खाते. आणि उकडलेलं अंडं, पण कवच फोडून दिलेलं चालत नाही महाराणीला!"

आई फरशी पुसत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणालात ताई?"

"कवच म्हटलं. तिला स्वतःलाच फोडायचं असतं."

फडकं तिथेच टाकून, चपला अडकवून आई बाहेर पडली. परत आली तेव्हा पिशवीत मटारच्या शेंगा होत्या. तिने त्या धुतल्या आणि तशाच, न सोलता, ताटलीत घालून भिंगरीपुढे ठेवल्या. खा म्हणाली नाही. समोर बसून स्वतः एक शेंग सोलली आणि दाणे तोंडात टाकले. मी त्या घरात इतकी वर्षं होते, पण आईला कच्ची भाजी चवीने खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती उभ्या उभ्या, उरलंसुरलं खायची.

भिंगरीने शेंगांना हातही लावला नाही. आईने ताटली उचलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडली, पुन्हा तेच. आत्या पुटपुटली, वायरमन येरझाऱ्या घालत राहिला. आई मात्र रोज शेंगा आणत होती आणि समोर बसून एक स्वतः सोलून खात होती.

मग एके दुपारी भिंगरीने एक शेंग उचलली. कानाशी धरून हलवली. उलटसुलट करून तिची कड नखाने तपासली, कुठे उघडून पुन्हा चिकटवली आहे का ते. बराच वेळ तपासली.

"आई, ह्यात कोणी काही घातलंय?"

"नाही."

"तू पण नाही?"

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "नाही गं बाळा. ती बंदच उगवते. तूच पहिल्यांदा उघडणार."

शेंग फुटली. भिंगरीने एक दाणा जिभेच्या टोकावर ठेवला. आत्याने श्वास रोखला. दाणा दातांखाली गेला.

"गोड आहे," भिंगरी म्हणाली, आणि जरा चावून, "मागून थोडा कडू."

"मला पण लागतो तसा," आई म्हणाली.

त्या दुपारी तिने मूठभर दाणे खाल्ले. मूठ किती लहान असते, ते तुम्हाला माहीत आहे. पण मग सहज तिची नजर वर गेली आणि मी तिला दिसले. पहाटेची माझी खरखर तिने दाराआडून ऐकलेली असणार. मित्रांनो, तिने उरलेल्या शेंगा दोन्ही हातांनी गोळा केल्या आणि माझ्यापासून पाठीमागे लपवल्या.

आईने ते पाहिलं. ती उठली, मला खिळ्यावरून काढलं आणि भिंगरीच्या देखत मागच्या दारातल्या भंगाराच्या पोत्यात टाकलं. "गेली ती," म्हणाली. "आता तुझ्या ताटात जे असेल ते तुला दिसेल."

मी आता इथे आहे, मोडक्या छत्रीच्या काड्या आणि गंजलेल्या डब्यांमध्ये. आईने केलं ते बरोबर केलं. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्या पोरीचा विश्वास असेल, तर मीच जायला हवं. तरी मला फार वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? ती गाजर कधी खाईल की नाही, ते मला कळणार नाही.

मित्रांनो, एखादी भाजी कडू लागली तर कडू म्हणा, वास आवडला नाही तर तसं सांगा. पण जिभेने एकदा नाही म्हटलं म्हणून तो शेवटचा निकाल समजू नका, तिला पुन्हा कधीतरी विचारा. आणि घरच्या मोठ्यांना माझा एवढा निरोप द्या: मुलाच्या डोळ्यांसमोर किसा. चिमूटभर कीस त्याच्या हातावर ठेवा, चिमूटभर स्वतः खा. त्याने थुंकला तर थुंकू द्या. फक्त त्याने "ह्यात काय आहे?" असं विचारलं, की जे आहे तेच सांगा.