भोरड्या बसेनात

"मंजुश्री, लेकराला घे अन् भाईर ये. आज घरात कुणी निजायचं न्हाई."

जगदेवी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी होती. आत बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी, खिडकीला गोधडी. माहेरी करणारं कुणी नव्हतं म्हणून सुनेचं बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि या शेक-शेगडीचा हट्टही जगदेवीचाच होता. सव्वा महिना वाऱ्याची झुळूक लागू द्यायची नाही म्हणणारी हीच बाई आता अंगणात बाज टाकायला सांगत होती.

"काय झालं, आई?" मल्लेशने विचारलं.

"भोरड्या बसंनात."

किल्लारीच्या पट्ट्यात थंडीच्या आधी भोरड्या येतात. थवेच्या थवे सांजेला जुन्या गावावर उतरतात. भूकंपात ते गाव भुईसपाट झालं, वाचलेले लोक नव्या गावात आले, पण पाखरांनी जागा बदलली नव्हती. दोन्ही गावांच्या मधे उसाचा फड. जगदेवीला अंगणातून पलीकडचं फक्त आभाळ दिसायचं आणि तेवढंच तिला पुरायचं. भूकंपापासून तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. यंदा थवा आला, घिरट्या घातल्या, खाली झेपावला, पुन्हा वर उठला आणि निघून गेला. काल तसंच, आजही तसंच.

भूकंपाच्या वर्षी पाखरं लवकर आली होती. जगदेवीची आई दारात उभी राहून म्हणाली होती, पाखरं आज बसेनात गं. म्हणाली आणि आत जाऊन निजली. जगदेवी बापाजवळ मळ्यात झोपायला गेली होती म्हणून उरली. आई आणि पाळण्यातला भाऊ उरले नाहीत.

"अगं, हे घर भूकंपासाठीच बांधलेलं हाय," मल्लेश म्हणाला. "हालायचं बी न्हाई."

"तवा बी लोक भिंती जाड हायेत म्हणत व्हते."

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, त्याला हसणार कोण? मल्लेश हसला नाही. आईपुढे त्याचं कधी चाललंही नव्हतं. मंजुश्रीने बाळाला कुंची घातली, दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि बाहेर आली. तिला भीती वाटत होती, पण ती भूकंपाची नव्हती.

उजाडलं तेव्हा गोधड्या दवाने ओल्या होत्या, घर जागच्या जागी होतं आणि श्वासागणिक बाळाचं पोट उडत होतं. ते दूधही तोंडात घेईना. मल्लेशने लातूरला न्यायला जीप आणली. जगदेवी चढायला गेली तशी मंजुश्री हळूच म्हणाली, "आत्या, तुमी ऱ्हावा. जमीन तर जागेवरच हाय."

जगदेवीला घरात बसवेना. ती फडाच्या बांधाने थेट जुन्या गावात गेली. दगडांच्या ढिगाऱ्यांत म्हातारा गुरुपादप्पा शेळ्या चारत होता. त्याच्यामागे थोरल्या चिंचेचा नुसता बुंधा होता, ताजा कापलेला.

"चिंच कुठं गेली, काका?"

"तोडून नेली की परवा लाकूडवाल्यानं. तवापासून पाखरं येड्यागत फिरायलीत. बसावं कुठं त्यांनी? तुला ठावं न्हाई?"

"मी आभाळच बघत व्हते," जगदेवी म्हणाली.

एकच दिवस आधी हा बांध ओलांडला असता, तर लेकरू आज शेगडीजवळ उबेत असतं. ती बुंध्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. गुरुपादप्पा शेळ्या घेऊन लांब गेला.

सांजेला ती अंगणात उभी असताना थवा आला. एक घिरटी घातली आणि सगळ्या भोरड्या उसात उतरल्या. त्यांचा कलकलाट हळूहळू थांबला, तेवढ्यात फोन वाजला.

"आई," मल्लेश म्हणाला, "अंगणातली बाज आत घे. लोक मातीला येतील."

तिने गोधड्यांच्या घड्या घातल्या. बाज जड होती, दोन माणसांनी उचलायची. तिने ती एकटीने उचलली, दारात अडकली तशी आडवी केली आणि आत नेली.