ओदीलच्या गावची भट्टी

शेजारची ओदील फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातली. युद्धानंतर अमेरिकन सोल्जरशी लग्न करून आली आणि नेपरव्हिलचीच झाली. साठीला टेकलेली, पण हाडापेरानं दणकट. नवरा गेल्यापासून एकटी, त्यामुळे आमच्या रुपालीवर भारी जीव. मी ग्रोसरीला जाताना पोरगी तिच्याकडेच सोडायची. बेबीसिटरचे नखरे सोसतंय कोण!

कॉफी पिताना ती गावचं सांगायची. चाळीसेक घरं, एक चर्च, आणि साऱ्या गावात मिळून पावाची एकच भट्टी. ठरल्या दिवशी सगळ्यांनी कणीक घेऊन तिथं यायचं. एकदा जर्मन शिपायांनी भोंगा वाजवून गाव चौकात बोलावलं. ओदीलनं हाताला लागली ती पोरं थंड भट्टीत कोंबली, दार लावलं आणि पुढ्यात मटार सोलत बसली. शिपाई महावस्ताद. त्यांनी आयांनाच पुढं घालून हाका मारायला लावल्या. गोठ्यात लपलेल्या पोरांनी आईला ओ दिली, ती काही परत आली नाहीत. भट्टीतली वाचली, कारण ओदीलनं आयांनाही सांगितलं नाही. शिपाई गेल्यावर चर्चची घंटा वाजली, तेव्हा कुठे ती उठली.

बाई गं, पोरीसमोर हे नको, असं मी कितीदा म्हटलं. पोरांनाच ठाऊक हवं, म्हणायची.

चौऱ्याऐंशी साली आमच्या कोपऱ्यावर टॉर्नेडो वादळाचा इशारा देणारा नवा भोंगा बसवला. मंगळवारी सकाळी त्याची टेस्ट झाली तेव्हा मी गाडीत होते. टेस्टच आहे, म्हणून निवांत घरी आले, आणि रुपालीला आणायला ओदीलकडे गेले.

वर कुणीच नव्हतं. बेसमेंटमध्ये ओदील जुन्या, बंद पडलेल्या डीप फ्रीझरवर बसून मटार सोलत होती. फ्रीझरला कुलूप. रुपाली कुठंय, म्हणून विचारलं, तर अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाली, "इथे मूल नाही."

मी रुपालीला हाका मारल्या, पत्र्यावर बुक्के मारले. आतून हूं नाही की चूं नाही. पोरगी शिकवल्यासारखी गप्प होती, की आतली हवाच संपली होती? ओदीलला ओढलं, तिची मूठ उघडायला गेले, तर बाई जागची हलेना. किल्ली त्याच मुठीत.

मग एकदम आठवलं, ती कशानं उठली होती ते. धावत घरी गेले, देवघरातली घंटा उचलली आणि तिच्या जिन्यावर उभी राहून बडवत सुटले. देवा, पोरगी जिवंत असू दे, एवढंच तोंडात.

ओदील उठली. पदरातले मटार झटकावेत तसे तिनं एप्रनमधले मटार खाली सांडले, कुलूप काढलं, झाकण उचललं.

रुपाली घामानं निथळत होती. डोळे उघडे, दोन्ही हात तोंडावर घट्ट. मी रडत तिला घ्यायला वाकले, तर ती मागे सरकली. माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत हळूच म्हणाली,

"आई, हू केम विथ यू?"